भातातलं तण फुकटचा चारा आहेच, पण आधी फवारणीचं विचारा

मा. संपादक साहेब, नमस्कार,

तुमच्या शेतीच्या पानावर मध्यंतरी एक छोटा लेख आला होता, भातातलं तण उपटून बांधावर फेकू नका, जनावरांना घाला, फुकटचा चारा आहे, असं एकूण त्याचं म्हणणं. म्हणणं काही चुकीचं नाही. मी स्वतः भात करतो, दावणीला म्हशी आहेत, खाचरातलं गवत गव्हाणीत पडताना लहानपणापासून बघतोय, त्यामुळे मला त्यात नवल वाटलं नाही. पण लेख जिथे संपला तिथून तो खरं तर सुरू व्हायला पाहिजे होता. कुठलं तण, किती वयाचं, कुठल्या पाण्यातलं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्या खाचरात आधी काय फवारलंय, यातलं एक अक्षर नाही. नुसतं फुकट फुकट म्हणून जनावराच्या तोंडात काहीही जायला लागलं तर ते फुकट राहत नाही ना, म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, काटछाट करा पण फवारणीचा भाग ठेवा एवढी विनंती.

आधी चांगलं काय ते सांगतो. भाताचा पेंढा खाऊन जनावर फक्त पोट भरतं, अंगाला काही लागत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. पेंढ्यात प्रोटीन जेमतेम चार टक्के आणि वरून सिलिका (वाळूतला कडक घटक) भरपूर, त्यामुळे पचायला जड. त्याच खाचरातलं कोवळं सावा गवत घेतलं तर सुक्या वजनावर साधारण आठ ते बारा टक्के प्रोटीन मिळतं. आता "सुक्या वजनावर" हे शब्द लोक वाचतात आणि सोडून देतात, तिथेच हिशोब चुकतो. पाण्यातून काढलेल्या कोवळ्या गवतात ८० ते ८५ टक्के पाणीच असतं. म्हणजे ४० किलोचा ओला भारा आणला तर त्यात खरं खाणं सहा-आठ किलो, बाकी पाणी. ४०० किलोच्या दुभत्या जनावराला दिवसाला दहा-बारा किलो सुकं खाणं लागतं, मग नुसत्या ओल्या तणावर त्याला ठेवायचं म्हटलं तर ६०-७० किलो तरी गवत आणावं लागेल, आणि तेवढं पाणी पोटात गेल्यावर शेण पातळ होणारच. म्हणून तण पेंढ्याबरोबर घालायचं, कुट्टी म्हणजे बारीक तुकडे करून, मिसळून. सहा किलो पेंढ्यातून प्रोटीन मिळतं अडीचशे ग्रॅमच्या आत, सहा किलो सुक्या वजनाच्या कोवळ्या तणातून सहाशेच्या आसपास. दोन्ही एकत्र केलं की पेंढा पण चांगला पचतो, कारण पोटातल्या जिवाणूंना काम करायला प्रोटीन लागतं. एवढा फायदा नक्की आहे, पण यावर दुधाची बादली दुप्पट होईल असं कोणी सांगत असेल तर हसून सोडून द्या.

दुसरी चांगली गोष्ट वेळेची. भाताला पहिला महिना दीड महिना तण अजिबात नको असतं, त्या काळात सावा आणि लव्हाळा वर आला तर फुटवे कमी पडतात आणि नंतर कितीही बेणणी (तण काढणं) करा ते भरून येत नाही. आणि नेमकं त्याच वयाचं तण जनावराला सगळ्यात चांगलं. लावणीनंतर विसेक दिवसांनी पहिली बेणणी, चाळीस-बेचाळीसच्या आसपास दुसरी, दोन्ही वेळेला निघणारं गवत कोवळं, पानाळ, अजून पोटरीत न आलेलं. सावा एकदा निसवला, म्हणजे त्याची लोंबी बाहेर आली, की खोड टणक होतं, पान कमी, प्रोटीन झपाट्याने उतरतं, म्हैस नुसती वरवर तोंड मारते आणि चघळ तशीच उरते. म्हणजे भाताची गरज आणि गोठ्याची गरज एकाच दिवशी भागते. पण यात एक फसगत होते ती अशी की काही जण चारा थोडा वाढू दे, भारा मोठा होईल म्हणून बेणणी मुद्दाम पुढे ढकलतात. भाऱ्यात दहा किलो जास्त मिळाले आणि भात गेला, वर गवताचा कस पण गेला, यात कोणाचं भलं झालं देव जाणे. चाऱ्यासाठी तण वाढवायचं नाही, भातासाठी काढायचं आणि निघालेलं वाया घालवायचं नाही, असा क्रम ठेवला तर ठीक.

सावा ओळखायला नवीन माणसाला त्रास होतो, कारण लहानपणी तो हुबेहूब भातासारखा दिसतो. कित्येकदा रोपवाटिकेतूनच भाताच्या मुठीबरोबर तो पण लावला जातो आणि मग ओळीत उभा असतो, ओळीबाहेरचं उपटणाऱ्या माणसाला तो सापडतच नाही. ओळखायची सोपी खूण म्हणजे पान जिथे खोडाला बिलगतं तो सांधा, तो नखाने जरा मागे ओढून बघा. भाताला तिथे पातळ पांढरट पापुद्र्याची जीभ असते आणि दोन बाजूंना बारीक केसाळ कान असतात, सावाला यातलं काहीच नसतं, सांधा एकदम साफ. एकदा डोळ्यांना सवय झाली की चालता चालता पण दिसतं. या सावाच्याच घराण्यातल्या काही जाती जगात बऱ्याच ठिकाणी चाऱ्यासाठी मुद्दाम पेरतात, त्यामुळे जनावराला हे आवडतं यात काही आश्चर्य नाही.

बाकीच्या तणांचं असं सरसकट सांगता येत नाही. लव्हाळा कोवळा असेपर्यंत जनावरं खातात पण त्याच्यात तो एक उग्र वास असतो, पोट भरून कोणी खात नाही. हरळी उत्तम, केना आणि माका थोडा थोडा मिसळून चालतो, नुसता केना घातला तर पाणीच पाणी. खाचरात तरंगणारा अझोला हा वेगळा प्रकार, सुक्या वजनावर २० ते ३० टक्के प्रोटीन, हवेतला नत्र पकडणारा जिवाणू त्याच्या पानात राहतो म्हणून, पण त्यातही ९० टक्क्यांच्या वर पाणी, आणि खाचरातला अझोला शेवाळ, गोगलगाई, चिखल यांच्यासकट येतो, तो दोन-तीन पाण्यातून धुतल्याशिवाय कोंबडीला पण घालू नये. चार पानांची, तिपतियासारखी दिसणारी एक पाणवनस्पती बांधाच्या कडेने पसरते, तिला मार्सिलिया म्हणतात, ही बाजूला काढा. ऑस्ट्रेलियात याच कुळातली नार्डू नावाची वनस्पती खूप खाल्ल्यामुळे मेंढ्यांच्या मेंदूला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, कारण तिच्यात थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व मोडणारा घटक असतो. चिमूटभर आली म्हणून काही होत नाही, पण भाराच्या भारा तीच नको. आणि बांधावरचं गाजरगवत, पाण्याच्या कडेचा बेशरम, हे तर भाऱ्यात यायलाच नको, गाजरगवताने दूध कडवट होतं आणि बेशरम सतत खाल्ला तर शेळ्या चालताना झोकांड्या खायला लागतात. बेणणी करणारा माणूस हे काढता काढताच वेगळं करू शकतो, भारा बांधल्यावर गोठ्यात निवडत बसणं कोणालाच जमत नाही.

आता फवारणी. ज्यासाठी मी मुख्य लिहायला बसलो ते हे. पूर्वी भातातलं तण म्हणजे हाताने काढलेलं गवत, त्यात शंका घ्यायचं कारण नव्हतं. आज बहुतेक खाचरांत काही ना काही पडलेलं असतं. लावणीनंतर तीन-चार दिवसांत पाण्यात प्रेटिलाक्लोर नाहीतर ब्युटाक्लोर हे तणनाशक, नंतर उगवलेल्या तणावर बिसपायरीबॅक, रुंद पानाच्या तणांवर टू-फोर-डी, आणि खोडकिड्यासाठी दाणेदार कीटकनाशक ते वेगळंच. लोकांचा समज असा की औषध मारलं की गवत पिवळं पडतं, त्यामुळे हिरवं आहे म्हणजे मारलेलं नाही. हा समज आधी डोक्यातून काढा. बिसपायरीबॅकसारखी औषधं तणाची वाढ थांबवतात, लगेच जाळत नाहीत, फवारणीनंतर कितीतरी दिवस गवत हिरवंगार उभं असतं आणि मग हळूहळू पिवळं लाल होत मरतं. त्या मधल्या दिवसांत कापलेला भारा दिसायला एकदम ताजा असतो, आणि त्याच्यावर काय बसलंय हे कुठल्याच जनावराला वासावरून कळत नाही.

टू-फोर-डी चं तर आणखी एक आहे. ते मारल्यावर रुंद पानाची तणं वाकडीतिकडी होतात, त्या गडबडीत काही वनस्पतींत साखर वाढते, नायट्रेट (नत्राचं एक रूप, जास्त झालं तर विषारी, पुढे सांगतो) पण वाढतं, आणि एरवी जनावर ज्याच्याकडे ढुंकून बघत नाही असलं विषारी तण ते चवीने खायला लागतं. म्हणजे औषधाचा धोका वेगळा आणि औषधामुळे तणाचा वाढलेला धोका वेगळा. दाणेदार कीटकनाशकाचं तर सांगायलाच नको, ते पाण्यात असतं, पाण्यातलं गवत उपटून मुळासकट आणलं की मुळाला लागलेल्या चिखलातून ते पण आलं. आमच्याकडे एका गड्याच्या शेळ्या फवारलेल्या खाचराच्या बांधावर चरून आल्या, तोंडाला फेस, थरथर, डोळ्याच्या बाहुल्या बारीक झालेल्या, डॉक्टर वेळेवर आला म्हणून दोन वाचल्या, एक गेली. बांधावर कोणी औषध मारलं नव्हतं हो, वाऱ्याने गेलेलं.

मग करायचं काय. प्रत्येक औषधाच्या लेबलवर किंवा आतल्या घडी केलेल्या कागदावर फवारणीनंतर किती दिवस कापणी करायची नाही हे असतं, काहींवर जनावर चारायचं की नाही ते पण असतं. पण भाताच्या दाण्यासाठी दिलेले दिवस हे तणाच्या चाऱ्याला लागू पडतात असं समजू नका, दाणा फवारणीच्या वेळी जन्मलेला पण नसतो, तणाच्या पानावर मात्र औषध थेट पडलेलं असतं, तण मारायलाच मारलेलं ना ते. लेबलवर चारा म्हणून चालतं असं स्पष्ट नसेल तर तण घालायचं नाही. माझं स्वतःचं म्हणणं त्याहून कडक आहे, ज्या खाचरात त्या हंगामात तणनाशक पडलं त्या खाचराचं तण चाऱ्यातून बादच करा, जे वाचलं ते मातीत जाऊ दे. ज्याला तणाचा चारा हवाय त्याने दोन-चार खाचरं हाताने बेणायची ठेवावीत आणि गोठ्यातल्या सगळ्यांना ती कुठली हे माहीत पाहिजे. कारण चारा आणणारा एक, फवारणारा दुसरा, आणि दोघांचं बोलणं झालेलं नाही, असं होतं बऱ्याचदा. फवारलेल्या खाचराच्या बांधावर एक काठी रोवून तिला लाल चिंधी बांधली तरी पुरे.

आता दुसरा धोका, याच्याबद्दल तर लेखात चकार शब्द नव्हता, आणि हा हळूहळू मारतो म्हणून लक्षात येत नाही. पाण्यातल्या गवताबरोबर लिव्हर फ्लूक येतो, चपटा कृमी, यकृतात जाऊन बसणारा. याचा प्रवास बघितला की खाचर आणि गोठा किती जवळ आहेत ते कळतं. बाधित जनावराच्या शेणात याची अंडी पडतात, शेण पाण्यात गेलं की अंड्यातून पिल्लू बाहेर पडतं, ते पाण्यातल्या ठराविक जातीच्या बारक्या गोगलगाईत शिरतं, तिथे त्याची संख्या वाढते, मग त्याची शेपटीवाली पिल्लं गोगलगाईतून बाहेर येऊन गवताच्या खोडावर पाण्याच्या पातळीजवळ चिकटतात आणि स्वतःभोवती कवच करून बसतात. ते इतके बारीक की गवत हातात घेऊन बघितलं तरी शहाण्या माणसाला पण दिसणार नाहीत. जनावराने ते गवत खाल्लं की आतड्यातून यकृतात. काही महिन्यांनी जनावर रोडावतं, डोळ्याच्या पापण्या आतून पांढऱ्या पडतात, दूध कमी, जबड्याखाली पाणी उतरल्यासारखी मऊ सूज येते. मालक म्हणतो खुराक वाढवा. खुराक वाढवून काय होणार, यकृतच पोखरलंय.

भातखाचर हे या कृमीला हवं तसं ठिकाण, उथळ साचलेलं पाणी, गोगलगाई, गवत, आणि आम्हीच वरून ओलं शेण नाहीतर गोठ्याचं धुतलेलं पाणी थेट खाचरात सोडतो. त्याच खाचराचं तण आणून त्याच गोठ्यात घातलं की चक्र पूर्ण झालं. यावर उपाय आहेत आणि काही फार अवघड नाहीत. गवत उपटण्यापेक्षा विळ्याने पाण्याच्या वरून चार बोटं तरी सोडून कापा, खालचा पांढरट भाग, मुळं, चिखल सगळं तिथेच राहू दे, कारण कवचवाले कृमी बहुतेक पाण्याच्या रेषेजवळच असतात. आता भातात तण मुळासकट काढावं लागतं, नाहीतर ते परत फुटतं, हे मला माहीत आहे, पण उपटलेली मूठ बांधावर आणून खालचा भाग छाटून टाकता येतोच की. आणि गवत उन्हात चांगलं वाळवलं तर हे कृमी मरतात, ओलाव्यात मात्र आठवडेच्या आठवडे जिवंत राहतात, म्हणून पाण्यातून काढलेलं ओलंगच्च गवत थेट गव्हाणीत हा सगळ्यात वाईट प्रकार. शेणाची तपासणी करून घ्या, आणि नेहमीचं जंताचं औषध पाजलं म्हणजे झालं असं धरू नका, गोल जंतावर चालणारी बरीच औषधं या चपट्या कृमीवर चालत नाहीत, उदाहरणार्थ आयव्हरमेक्टिन. जनावरांच्या डॉक्टरला सरळ सांगा की पाणथळ गवत खाल्लंय, तो त्याप्रमाणे औषध निवडेल.

नायट्रेटचं थोडक्यात सांगतो. भाताला युरिया टाकला की भाताआधी सावा तो ओढतो, आणि त्यात आभाळ भरलेलं असेल, ऊन नसेल तर ओढलेल्या नत्राचं प्रोटीन करायला तणाला वेळ मिळत नाही, ते नायट्रेट म्हणून खोडात साठतं. जनावराच्या पोटात त्याचं नायट्राइट होतं, ते रक्तात शिरलं की रक्त ऑक्सिजन धरेनासं होतं, रक्ताचा रंग चॉकलेटसारखा होतो, हिरड्या निळसर तपकिरी, आणि जनावर काही तासांत आडवं. म्हणून युरिया टाकल्यावर आठवडाभर तरी त्या खाचराचं तण आणू नका, उपाशी जनावरापुढे एकदम भारा टाकू नका, आधी पेंढा खाऊ दे. आणि सगळ्यात जास्त नायट्रेट खोडाच्या खालच्या भागात असतं, म्हणजे परत तेच, खालचं छाटा.

यात एक बारीक गोष्ट, जी मी कुठे छापलेली फारशी बघितली नाही. संध्याकाळी आणलेला ओला भारा तसाच ढीग करून ठेवला आणि सकाळी त्यात हात घातला तर आतून गरम लागतो, वाफ येते. तो गरम झालेला ढीग घालू नका. ढिगात जिवाणू काम करायला लागतात आणि नायट्रेटचं नायट्राइट गव्हाणीत पोचायच्या आधीच व्हायला लागतं, ते जास्त विषारी. गवत आणलं की पसरून टाका, जागा नसेल तर दांडीवर टांगा, पण दाबून ढीग नको. आणि गवत वाळवून नायट्रेट जात नाही हे पण लक्षात ठेवा, वाळवल्याने कृमी मरतात, नायट्रेट तसंच राहतं. मुरघासात, म्हणजे हवाबंद करून आंबवलेल्या चाऱ्यात, मात्र ते बऱ्यापैकी कमी होतं.

मुरघास म्हटलं तर ओल्या तणाचा मुरघास सरळ घातला की तो सडतो, घाण वास येतो, पाणी खाली साठतं. कुट्टी मुठीत घेऊन जोरात दाबायची, बोटांतून पाणी ठिबकलं तर अजून ओलं आहे, गोळा होऊन हळूहळू सुटला तर बरोबर. भाताच्या हंगामात पाऊस असला तर सुकवायला ऊन मिळत नाही, मग कोरडा पेंढा कुट्टी करून मिसळायचा, तो पाणी पिऊन घेतो, थोडी उसाची मळी (काकवीसारखी पातळ) शिंपडायची, पिशवीत नाहीतर ड्रममध्ये दाबून हवा काढून बंद. चिखल मात्र एक चिमूट नको, मातीतले जिवाणू मुरघास नासवतात.

आणि शेण. तण बियांवर आलेलं घातलं तर सावाच्या बारक्या बिया जनावराच्या पोटातून बऱ्यापैकी जिवंत बाहेर पडतात, एकेका झाडाला हजारोंनी बिया, आणि मग आम्ही तेच शेण गाडीने परत खाचरात नेऊन पसरतो. पैसे देऊन तण पेरलं असतं तरी इतकं नीट पेरलं गेलं नसतं. लव्हाळ्याचे गाठे गव्हाणीतल्या चघळीबरोबर उकिरड्यात जातात आणि तिथून परत शेतात. १९७७ साली जगातल्या सगळ्यात त्रासदायक तणांची यादी काढली गेली त्यात लव्हाळा पहिल्या नंबरवर होता, सावा पण पहिल्या चारात, म्हणजे यांच्याशी गाठ कमी लेखू नका. उकिरडा नुसता ढीग न ठेवता नीट रचून, ओल राखून, पलटून आतलं तापमान ५५-६० अंशांपर्यंत काही दिवस गेलं तर बहुतेक बिया मरतात आणि फ्लूकची अंडी पण मरतात. एकाच कामात दोन्ही. उकिरड्याच्या कडेचं थंड राहिलेलं शेण पलटताना आत घालायचं, तिथेच सगळे कंटाळा करतात.

ज्यांच्या खाचराला गटाराचं किंवा कारखान्याचं पाणी येतं त्यांनी तर हा नादच सोडावा. पाण्यातल्या वनस्पती जड धातू अंगात साठवतात, जलपर्णी तर त्यासाठी प्रसिद्धच आहे, ते दुधात मांसात कशाला आणायचं.

फुकट या शब्दाबद्दल पण बोलायचंय. पाण्यात वाकून तण काढतात बहुतेक ठिकाणी बायका. लेख लिहिणाऱ्याने सहज लिहिलं की काढलेलं तण घरी न्यावं. ते काढायचं, त्यातलं विषारी निवडायचं, मुळं छाटायची, धुवायचं, ४० किलोचा ओला भारा डोक्यावर घेऊन बांधावरून चालत यायचं, पसरायचं, कुट्टी करायची, हे सगळं कोण करणार? दिवसभर बेणणी करून तीच बाई. या मजुरीचा हिशोब धरला तर चारा फुकट नाही, आणि ज्याच्याकडे दुसरी हिरवी वैरण आहे त्याला कदाचित परवडत पण नाही. भारा वाहायला गाडा नाहीतर बैल पुरुषांनी आणावा, एवढं तरी लेखात लिहायला हरकत नव्हती. आणि जो फिरता कोळपा वापरतो, ज्याचं तण तिथल्या तिथे चिखलात गाडलं जातं, त्याने चारा गेला म्हणून हळहळायचं काही कारण नाही, ते कुजून भातालाच मिळतं.

तण जनावरापर्यंत न्यायच्या ऐवजी जनावर तणापर्यंत न्यायचा पण एक मार्ग आहे, बदकं. जपानमध्ये ताकाओ फुरुनो नावाच्या शेतकऱ्याने १९८८ पासून भातात बदकाची पिल्लं सोडून तण आणि किडे दोन्हीचा बंदोबस्त करून दाखवला, पुढे आशियातल्या इतर देशांतल्या शेतकऱ्यांनी ते उचललं. बदकं कोवळं तण, बिया, गोगलगाई सगळं खातात, चिखल ढवळतात, भाताच्या पानाला सिलिकामुळे फारसं तोंड लावत नाहीत, फक्त भात निसवायच्या आधी त्यांना बाहेर काढावं लागतं. भारा वाहायची मेहनत वाचते, कुत्र्या-कोल्ह्यांपासून राखण मात्र वाढते. तणनाशक आणि दाणेदार औषध इथे तर बंदच.

तुमच्याकडे आता विनंती एकच. पुढच्या वेळी तण, चारा, बांधावरचं गवत असा काही मजकूर छापाल तेव्हा बाजूला एक चौकट टाका, त्या भागात भातावर नेहमी वापरली जाणारी तणनाशकं आणि कीटकनाशकं कोणती, प्रत्येकाच्या लेबलवर जनावरांना चारण्याबद्दल काय लिहिलंय, आणि काहीच लिहिलेलं नसेल तर तसं स्पष्ट. लेबलवरचं अक्षर इतकं बारीक असतं की माझ्या वयाच्या माणसाला भिंगाशिवाय वाचता येत नाही, आणि बाटली विकणारा विचारल्यावर "काही होत नाही हो" एवढंच सांगतो. तुमच्या छापलेल्या अक्षरात ते आलं तर कापून गोठ्याच्या दाराला चिकटवता येईल.

आपला,
भात आणि म्हशी दोन्ही करणारा एक वाचक